उन्हाळी चित्रकला वर्ग : मुलाला महिनाभर वसतिगृहावर पाठवताना



कारखान्याचे धुराडे थंडावले, की आपल्या घरात दुसरा हंगाम सुरू होतो. तो म्हणजे पोरांच्या परीक्षा, निकाल आणि पुढच्या प्रवेशांचा. या पानावर एरवी खोडवा, पाचट, ठिबक आणि बेणेप्रक्रिया यांवरचे अभ्यासलेख येतात. यावेळी संपादक मंडळाने आम्हा उभयतांना सांगितले, की मुलीला गेल्या मे महिन्यात निवासी चित्रकला वर्गाला पाठवले त्याची हकीकत लिहा. चार सभासद तेच विचारत असतात. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. तीन एकरांचे ऊस उत्पादक आहोत. जे केले, जिथे चुकलो आणि जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

१. प्रश्न कसा उभा राहिला

आमची धाकटी अकरावीला विज्ञान शाखेत. दहावीला मार्क चांगले, म्हणून विज्ञान. आम्हीच ठरवले, तिला विचारले नाही. अकरावीत पोरगी गप्प होत गेली. पहिल्या सत्रात गणितात कशीबशी पास झाली. घरात उसाच्या वजनाच्या पावत्या फाईलला लावायला घेतल्या, तर निम्म्या पावत्यांच्या पाठीवर चित्रे! बैलगाडी, चुलीवरचे पातेले, आजीचे पाय. पावत्या खराब केल्या म्हणून आम्ही तिला रागावलो. ती म्हणाली, “आप्पा, कोरा कागद मागितला की तुम्ही अभ्यास विचारता.”

त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

शाळेतल्या तिच्या चित्रकलेच्या सरांना भेटलो. ते म्हणाले, “हात चांगला आहे. पण हात चांगला असणे आणि चार वर्षे हेच शिकणे यात फरक आहे. मे महिन्यात निवासी वर्ग असतात. एक महिना पाठवा, मग ठरवा.” घरी आजी म्हणाली, “चितरं काढून पोट भरतंय व्हय?” खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. फक्त ती बोलली आणि आम्ही बोललो नाही.

शेवटी आम्ही असा विचार केला. नवीन जात आली म्हणून को ८६०३२ मोडून सगळ्या रानात आपण ती लावत नाही. आधी पाच गुंठ्यांत लावून बघतो. हा महिना म्हणजे ते पाच गुंठे.

२. ही वाट आपल्याकडे नवी नाही

चित्रकला म्हणजे शहरातल्या लोकांचे काम, असा आपला एक समज आहे. तो तपासून पाहावा. मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था १८५७ साली सुरू झाली. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तेथे शिकायला गेले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि संस्थेच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून परत आले आणि त्यांनी आपल्या भागातली तळी, झाडे व प्रकाश रंगवला. उलट बाबूराव पेंटर कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. स्वतःच्या हाताने शिकले आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते, हा त्याचा विषय. आपल्या सहकारी चळवळीचा जन्म ज्या दुखण्यातून झाला तेच दुखणे एका चित्रकाराने पडद्यावर मांडले होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, कलाशाळेत जाऊनही माणूस घडतो, न जाताही घडतो. म्हणून महाविद्यालय हाच एकमेव मार्ग असे समजून घाबरू नये. आणि शिकायची गरजच नाही, असेही म्हणू नये.

३. निवासी वर्ग म्हणजे नेमके काय

महाविद्यालयात जाण्याआधी मुलांना काही आठवडे कलाशाळेसारखे राहायला, काम करायला लावणे, ही कल्पना परदेशात चांगली रुजली आहे. अमेरिकेत रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन नावाची संस्था १८७७ सालापासून आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ती उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा निवासी वर्ग चालवते. तिथला खर्च आपल्या आवाक्यातला नाही. पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मूल घरापासून दूर राहते, दिवसभर काम करते, रोज सर्वांपुढे आपले काम मांडून त्यावरची टीका ऐकते.

आपल्याकडे असे वर्ग बहुतेक ठिकाणी खाजगी कलाशिक्षक, स्टुडिओ किंवा संस्था चालवतात. त्यांचे प्रमाणपत्र दाखवून महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा वेगळ्या. त्या कला संचालनालय घेते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. आठवी-नववीतल्या मुलांनी त्या चुकवू नयेत.

दृश्यकलेच्या चार वर्षांच्या पदवीला बारावीनंतर प्रवेश असतो. बारावी कोणत्याही शाखेची चालते. राज्याच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्रण, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान हे भाग असतात. डिझाइनकडे जायचे असेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (स्थापना १९६१) परीक्षा निराळी, आणि आय.आय.टी. मुंबई घेते ती ‘युसीड’ परीक्षा निराळी. अर्जाच्या तारखा बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी येऊन जातात. म्हणून त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक दिवाळीच्या आतच पाहावे. आपल्याकडे पुष्कळ मुले हात कच्चा म्हणून नव्हे, तारीख हुकली म्हणून मागे राहतात.

४. आमची पहिली चूक

आता चूक सांगतो. एका गावातल्या वर्गाची जाहिरात पाहिली. ‘प्रवेशाची शंभर टक्के हमी’ असे ठळक छापलेले. उसाचा हप्ता नुकताच खात्यावर जमा झाला होता. जागा भरतील या भीतीने जागा न बघताच निम्मी फी भरून मोकळे झालो.

पंधरा दिवसांनी पाहायला गेलो. दुकानांच्या माडीवर दोन खोल्या. मुले आणि मुली एकाच मजल्यावर, मध्ये एक पडदा. रात्री कोण थांबते, असे विचारले तर म्हणाले, “आम्ही जवळच राहतो.” स्वच्छतागृहाला कडी नव्हती. शिकवणारे मुख्य शिक्षक आठवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस मुले जुनी चित्रे बघून उतरवणार. पैसे परत मागितले. मिळाले नाहीत. पावतीवर परताव्याचे काहीच लिहिलेले नव्हते आणि आम्ही ते विचारलेही नव्हते.

रोपवाटिकेतून उसाचे रोप घेताना आपण ट्रे उचलून मुळी बघतो. इथे तर स्वतःचे लेकरू द्यायचे होते आणि आम्ही जाहिरात बघून पैसे दिले. या गोष्टीची लाज वाटते, म्हणूनच ती छापून देत आहोत.

५. पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

दुसऱ्या वेळी आम्ही वहीत प्रश्न लिहून घेऊन गेलो. ती वही खाली देतो. कापून ठेवावी.

(१) मुलींची राहण्याची सोय स्वतंत्र आहे काय? रात्री मुक्कामाला महिला अधीक्षक असते काय? तिचे नाव व फोन नंबर लिहून घ्यावा. खोली, स्वच्छतागृह आणि दाराच्या कड्या स्वतः पाहाव्यात.

(२) एका खोलीत किती मुले? पिण्याचे पाणी कोणते? स्वयंपाकघरात जाऊन बघावे. चांगल्या ठिकाणी कोणी अडवत नाही.

(३) रोज प्रत्यक्ष शिकवणार कोण? जाहिरातीत फोटो आहे तेच गुरुजी, की दुसरे कोणी? एका शिक्षकामागे मुले किती?

(४) दिवसाचे वेळापत्रक लेखी द्या. प्रत्यक्ष वस्तू, माणूस, झाड समोर ठेवून किती वेळ काम होते आणि चित्रावरून चित्र उतरवण्यात किती वेळ जातो? दुसरे जास्त असेल तर पैसे वाया.

(५) मूल आजारी पडले तर कोणत्या दवाखान्यात नेता? आम्हाला किती वेळात कळवता?

(६) पालकाला न कळवता केव्हाही भेटायला येता येईल काय? ‘नाही’ म्हणाले तर तेथूनच परत फिरावे.

(७) मूल मधेच परत आले तर पैसे किती परत? पावतीवर लिहून घ्यावे.

(८) मागच्या वर्षीच्या दोन मुलांच्या पालकांशी बोलायला मिळेल काय? बोलावे, आणि वर्गवाल्यांसमोर बोलू नये.

जो कोणी प्रवेशाची हमी देतो, त्याच्याकडे जाऊ नये. प्रवेश परीक्षेवर मिळतो. हमी देणारा खोटे बोलतो, एवढे त्यावरून कळते.

आणखी एक. मुलाला घरातून निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे, की कोणी अंगाला नको तसा हात लावला, धमकावले, किंवा ‘घरी सांगू नको’ म्हणाले, तर लगेच घरी सांगायचे. आम्ही तुझ्यावर रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ करून घ्यावा. हे बोलायला आपल्याला अवघड वाटते. आम्हालाही वाटले. तरी बोललो.

६. खर्चाचे गणित

खर्चाचे चार भाग पडतात : फी, राहणे-जेवण, साहित्य आणि येणे-जाणे. लोक पहिलेच दोन धरतात आणि तिसऱ्यात फसतात. साहित्यात ड्रॉइंग बोर्ड, एचबी पासून ६बी पर्यंतच्या पेन्सिली, खोडरबर, पोस्टर रंग, तीन-चार ब्रश आणि भरपूर कागद लागतो. पूर्ण इम्पीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चे चार कागद मिळतात. सरावाला सुटे महागडे कागद घेण्याऐवजी असे मोठे कागद घेऊन घरी कापावेत. भारी रंगाची पेटी पहिल्याच दिवशी घेऊ नये. शिक्षक काय सांगतात ते बघून घ्यावी.

पैसा कुठून आणायचा? आमचे मत स्पष्ट आहे. सोसायटीचे पीककर्ज या कामाला वळवू नये. पिकाचा पैसा पिकालाच. सावकाराकडे तर जाऊच नये. एका महिन्याच्या वर्गासाठी कर्ज काढावे लागत असेल, तर यंदा थांबावे. शाळेतल्या सरांकडून रोज एक तास मार्गदर्शन घेऊन घरी सराव करावा. बादली, कांदे, घमेले, टोपली समोर मांडून रोज एक वस्तुचित्र काढायला फी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात मुलांना घेऊन जावे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभे केले. छापील चित्र आणि खरे रंगवलेले चित्र यांतला फरक पोरांना तिथे डोळ्यांनी दिसतो.

७. चौथ्या रात्रीचा फोन

दुसरा वर्ग आम्हाला पटला. पोरीला सोडून आलो. रात्री आठला फोन, असे ठरले होते. तीन दिवस ठीक. चौथ्या रात्री ती रडायला लागली. “आप्पा, मला न्यायला या. या पोरींचे हात बघितले की माझं चित्र फाडून टाकावंसं वाटतं. मला काहीच येत नाही.”

आमच्यातल्या एकाने मोटारसायकलची किल्ली उचलली. दुसऱ्याने हात धरला. कोणी काय केले ते सांगत नाही. पण हात धरणाऱ्याचे म्हणणे असे होते : “आधी तिला तीन गोष्टी विचारा. कोणी त्रास देतंय का? जेवण-पाणी, झोप नीट आहे का? अंगात ताप आहे का? यातलं एक जरी असलं तरी आत्ता रात्रीच निघू. नसलं, तर रविवारपर्यंत थांबू.”

विचारले. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले. मग आम्ही थांबलो. ते तीन दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

या जागी आमचा खरा अभ्यास झाला. मूल दूर असताना रडते त्याची कारणे दोन. एक धोका आणि दुसरी निराशा. आवाज दोन्हीचा सारखाच येतो. धोका असेल तर एक तासही थांबणे गुन्हा आहे. निराशा असेल तर लगेच जाऊन आणणे, हे लेकराचे नुकसान आहे. आपल्या गावात पहिली आलेली पोरगी तिथे गेल्यावर पहिल्यांदाच विसावी येते. हे तिला कधीतरी कळायचेच असते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, चार वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा या एका महिन्यात कळलेले बरे.

रविवारी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो. ती वर्गात होती. समोर एक पत्र्याची बादली, दोन कांदे आणि चादरीचा तुकडा. हात लांब करून पेन्सिलीने बादलीची उंची-रुंदी मापत होती. आम्ही दहा मिनिटे दारात उभे, तिचे लक्ष नव्हते. घरी अभ्यासाच्या पुस्तकापुढे अशी बसलेली आम्ही तिला वर्षभरात पाहिली नव्हती. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, “शहरातल्या मुलींचा हात सरावाचा आहे, पण हिने पाहिलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. स्मरणचित्रात हिला कळेल.” त्या आठवड्यात विषय मिळाला ‘कामावरची माणसे’. बाकीच्या मुलींनी रस्त्यावरचे मजूर काढले. हिने पहाटे ट्रॉली भरणारे तोडणी कामगार काढले. मोळी डोक्यावर, पायाखाली फळी, मागे कोपीपुढची चूल. फळीवर चढणारा पाय किती वाकतो, ते तिला कोणाला विचारावे लागले नाही.

त्यानंतर घरी न्या म्हणून फोन आला नाही. रोजचा फोन मात्र आम्ही बंद केला नाही.

८. परत आल्यावर

ती शंभराच्या वर कागद घेऊन आली. त्यातले पाच-सहा चांगले, असे तिचेच म्हणणे. बाकीचे फेकू नकोस, असे तिच्या शिक्षिकेने बजावले होते, कारण काय चुकत होते ते त्यांतच दिसते. आजीच्या हातांचे एक चित्र होते, आठवणीने काढलेले. आजीने ते बराच वेळ धरले आणि म्हणाली, “हात माझंच हाईत.” त्यापलीकडे काही बोलली नाही. पोट भरायचा प्रश्न तिने त्यानंतर काढलेला नाही, आम्ही मात्र काढतो.

आम्ही तिला विचारले, “मग चित्रकार व्हायचं का?” ती म्हणाली, “ते मला अजून माहीत नाही. पण दिवसाला आठ तास हे केलं तरी कंटाळा येत नाही, एवढं कळलं.” हे उत्तर आम्हाला ‘हो’ यापेक्षा जास्त खरे वाटले.

मग घरात बसून करार केला. बारावी विज्ञान सोडायचे नाही, नीट पास व्हायचे. रोज संध्याकाळी दोन तास चित्राचे. त्या वेळी तिला कोणी धारेला, भांड्याला उठवायचे नाही. प्रवेश परीक्षा द्यायची. मिळाला प्रवेश तर जायचे. नाही मिळाला तर विज्ञानाच्या पुढच्या वाटा खुल्याच आहेत. हा लेख लिहीत असताना निकाल हातात नाही. यश मिळाल्यावर लिहिणे सोपे असते. म्हणून आधीच लिहून दिले.

याच वर्गाला आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा होता. महिना पुरा करून तो परत आला आणि म्हणाला, मला हे नको, मी शेतीचा डिप्लोमा करतो. त्याचे वडील म्हणाले, पैसे बुडाले. आम्हाला तसे वाटत नाही. चार वर्षे आणि चार वर्षांची फी वाचली. चाचणीच्या प्लॉटात जात नापास झाली म्हणून कोणी प्लॉट वाया गेला असे म्हणत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलेच्या पदवीनंतर जाहिरात, पॅकिंगचे डिझाइन, अ‍ॅनिमेशन, कापडावरची नक्षी, मूर्तिकाम, शाळेतली शिक्षकी, अशा वाटा आहेत. पण महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार मिळेलच, असे कोणी समजू नये. पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात. हे मुलाला आधीच सांगावे. उसाच्या धंद्यात आपण तरी कुठे हमीवर जगतो? पण जोखीम घ्यायची ती डोळे उघडे ठेवून.

९. शेवटी एक सूचना

पहिल्या वेळी आम्ही एकटेच गेलो, एकटेच फसलो. दुसऱ्या वेळी आणखी दोन कुटुंबे बरोबर होती. एकाने जागा पाहिली, एकाने जुन्या पालकांना गाठले, एकाने पावतीतली कलमे वाचली. प्रवासखर्च वाटून गेला आणि तिन्ही मुलांना एकमेकांची सोबत झाली. एकट्याने सौदा करायचा नाही, हे आपण साखरेच्या बाबतीत फार पूर्वी शिकलो. लेकरांच्या बाबतीत अजून ज्याचा तो सौदा करतो.

ज्या सभासदांच्या घरी अशी चित्रे काढणारी पोरे आहेत, त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव सांगून ठेवावे, म्हणजे पुढच्या सुट्टीच्या आधी मिळून चौकशी करता येईल. आमची प्रश्नांची वही तिथेच ठेवली आहे. आणि आज घरी गेल्यावर पावत्यांची फाईल एकदा पाठीमागून चाळून बघावी.